पळण्याची सवय 21 दिवसांत लागते? खुलासा

‘सलग 21 दिवस पळा, सवय आपोआप लागते, एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे.

21 हा आकडा आला प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्याकडून. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना किमान 21 दिवसांच्या आसपास लागतात, असं त्यांनी 1960 मध्ये लिहिलं. त्यातला ‘किमान’ पुढे गळाला, आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला!

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी 12 आठवडे तपासल्या. सवय मुरायला लागणारा मध्यक काळ (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66 दिवस निघाला. कुणाला 18, तर कुणाला 254 (हा 12 आठवड्यांपुढचा आकडा गणिताने काढलेला अंदाज). पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. मधला एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं. जुलैत पाऊस धरला की बेळगावच्या व्हॅक्सिन डेपो मैदानाकडे पळायला जाणारे चार दिवस घरात अडकणारच. मोजणी पुसू नका, उघडीप मिळाली की निघा. तोवर घरात जागच्या जागी पळणं, जिना चढणं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारससुद्धा आठवड्याच्या हिशेबात आहे: मध्यम व्यायाम किमान 150 मिनिटं, किंवा पळण्यासारखा जोरकस 75 मिनिटं. रोजच पळा, असं त्यात कुठेही नाही.