रडायला येतं ना? मग वकील व्हा

आठव्या वर्षी ग्लिसरीनशिवाय रडून दाखवलंत, दहाव्या वर्षी मालिकेतल्या नायकाचं बालपण झालात, तेराव्या वर्षी आवाज फुटला आणि शूटिंगच्या तारखांचे फोन थांबले. पुढे काय, हा प्रश्न नातेवाइकांनी केव्हाच निकालात काढलाय : ‘एवढं चुरुचुरु बोलतोय, वकील करा त्याला.’

प्रवास फार लांबचा नाही. पुण्यात प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि त्याच लॉ कॉलेज रस्त्यावर १९२४ सालचं आयएलएस विधी महाविद्यालय. एवढ्याशा अंतराला रिक्षावालाही येणार नाही. (लांबच्यालाही येत नाही, ते सोडा.)

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, पदवीनंतर तीन वर्षांचा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट या प्रवेश परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, राज्याच्या सीईटीत कापत नाहीत. आत्मविश्वासाने चुकण्याचा ऑडिशनचा सराव असेल, तर सीईटीच बरी.

पाठांतर हे तुमचं खरं भांडवल, तेव्हा कलमं संवादासारखी घोकून टाका. बाबांच्या जुन्या पुस्तकातून घोकलीत तर फारच छान. १ जुलै २०२४ ला स्क्रिप्ट बदलली : दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. चारसोबीस आता न्याय संहितेच्या ३१८ मध्ये सापडतो आणि खुनाची शिक्षा १०३ मध्ये. पुढे वकिली करायला बार कौन्सिलची परीक्षा येते, तीही पुस्तक उघडून द्यायची. फक्त पुस्तक कोरं हवं, समासात टिपा चालत नाहीत. शंभर प्रश्न, खुल्या गटाला ४५ टक्के. पाठांतराला तिथे कुणी विचारत नाही, कुठलं पान उघडायचं ते कळावं लागतं. वकिलीची सनद मात्र स्वस्त झालीय : सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ठणकावल्यापासून नोंदणी फी खुल्या गटाला ७५० रुपये. तेवढ्यात काळा कोटही येत नाही.

आता शिवाजीनगरचं जिल्हा न्यायालय. सेटवरच्या कोर्टात हातोडा होता, ‘ऑर्डर ऑर्डर’ होतं, तुमच्या क्लोजअपला व्हायोलिन होतं. इथे भिंतीला टेकून दिवसभराच्या खटल्यांचा बोर्ड वाचायचा आणि पुकाऱ्याची वाट पाहायची. पुकारा होतो नेमका तेव्हा, जेव्हा सीनियर दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच कामात अडकलेले असतात. मग तुमची एंट्री : पुढची तारीख मागणारा मुदतीचा अर्ज. अर्धं पान, कोर्ट फी स्टॅम्प, खाली सही. साहेब त्यावर ‘अदर साइड टू से’ लिहितात, की तुम्ही समोरच्या वकिलाला शोधत कॅन्टीनपर्यंत जायचं आणि त्याचं म्हणणं लिहून आणायचं. परत येता तेव्हा कळतं, की फाइलला तुमच्या सीनियरचं वकीलपत्रच लागलेलं नाही; लागलंय तर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प नाही; स्टॅम्प आहे तर अशिलाने सही तुमच्या जागी ठोकलीय. अशा वेळी डोळ्यांत पाणी आणून पाहा. शिरस्तेदारांनी तुमच्यापेक्षा कसलेले कलाकार पाहिलेत.

उलटतपासात तर सगळं कौशल्य पणाला लावा. साक्षीदाराभोवती फिरा, आवाज चढवा, पॉज घ्या, भुवई उचला. दोन मिनिटं गरजून झालं की स्टेनोच्या स्क्रीनवर एवढंच उमटतं : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ पॉजला पुराव्याचा निशाणी क्रमांक मिळत नाही. अपिलात वरचं कोर्ट वाचणार ती ही एक ओळ. सरतपासात, म्हणजे त्याच्याच वकिलापुढे, साक्षीदाराने सांगितलेली तारीख आणि पावतीवरची तारीख जुळत नाही, एवढं एक शांतपणे विचारलं असतं तर काम झालं असतं. पण मग टाळ्या कुणी वाजवायच्या?

पैशांचं म्हणाल, तर जुनिअरला शहरात २० हजार आणि गावाकडे १५ हजार रुपये स्टायपेंड द्यावा, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलंय. सुचवलंय. शब्द नीट वाचा.

आणि पाटी! पुण्यात पाटीवर वाट्टेल ते लिहिता येतं, अपवाद वकिलाचा. कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे पाटी बेताच्या आकाराची हवी. अमुक कामात तज्ज्ञ आहोत, अमुक चळवळीशी संबंध आहे, हे त्यावर लिहायचं नाही, जाहिरात तर अजिबात करायची नाही. ‘टीव्हीवरचे सुप्रसिद्ध’ हे शब्द तेवढे गाळा, म्हणजे उरलं फक्त नाव, तेही लोकांना आठवत नाही.

तरी बालकलाकारांच्या हक्कांसाठी लढायचंच असेल, तर मुलाखती द्या. पीडित मुलासोबत सेल्फी टाका. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ त्याची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगतं, पण लाइक मोप मिळतील. माहिती अधिकाराच्या वाटेला मात्र जाऊ नका. २०१७ पासून नियम आहे : मुलाला कामावर घ्यायचं तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांवर काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांवर नाही, सलग २७ दिवसांवर नाही, आणि कमाईतला किमान २० टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे ठेव. अशा किती परवानग्या दिल्या, हे विचारायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि दीडशे शब्द पुरतात. उत्तराची मुदत तीस दिवस, नाही आलं तर वीस रुपयांत पहिलं अपील. एवढ्या स्वस्त कामात फोटो कुठला?

स्वतःच्या कागदांना तर हातही लावू नका. कराराची प्रत आईच्या कपाटात, साड्यांखाली, शाळेच्या दाखल्यांसोबत असते. ठेवीची पावती त्याच पिशवीत असते, किंवा नसते. निर्मात्याकडे मानधन थकलं असेल, तर मुदत कायद्याच्या कलम ६ प्रमाणे दावा लावायची मुदत तुम्ही सज्ञान झाल्यावर मोजायला लागते, आणि कलम ८ प्रमाणे ती तीन वर्षांपलीकडे ताणता येत नाही. म्हणजे अठरा अधिक तीन. पाच वर्षांच्या कोर्सला तुम्ही अठराव्या वर्षी बसता आणि दिवाणी प्रक्रियेसोबत मुदत कायदा शिकवतात तो बहुधा शेवटच्या दोन वर्षांत. तेव्हा घाई नको. एकविसावा वाढदिवस दणक्यात करा, केक मोठा सांगा आणि जुन्या निर्मात्याला आवर्जून बोलवा. तुमच्या वाढदिवसाची तारीख त्याच्या वकिलाच्या डायरीत आहेच.