चाळ पाडा, पण एक खोली राखा

गिरगावातल्या पुनर्विकासाचा विषय निघाला की परदेशात राहणाऱ्या आम्हा मंडळींना लगेच उमाळा येतो: चाळ वाचवा! चाळीत राहणारा मामेभाऊ एवढंच म्हणतो, "दादा, रात्री दोन वाजता सामायिक संडासाला तुला जावं लागत नाही." खरं आहे त्याचं. वरळीच्या बीडीडी चाळीतली कुटुंबं २०२५ मध्ये १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेली. त्यांना अडवणारा मी कोण?

पण इमारतीसोबत माणसांची नोंदही पुसली जाते, ते मला सोसत नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या लहानशा गावात एकोणिसाव्या शतकातलं एक लाकडी घर गावकऱ्यांनी संग्रहालय म्हणून राखलंय. घर कुणा थोर पुरुषाचं नाही. आत लोणी काढायचं लाकडी भांडं, पिठाचा डबा, शाळेचा जुना हजेरीपट. दार उघडतात गावातलेच निवृत्त लोक. तिथल्या एका आजींनी हजेरीपटातल्या एका नावावर बोट ठेवून त्या मुलाच्या घरचं शेत कुठे होतं ते सांगितलं. आज तिथे आमचं किराणा दुकान आहे.

मुंबईला संग्रहालयांची वाण नाही. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड १८७२ पासून उभं आहे, गांधीजींचं मणिभवनही जपलंय. वारसा नियमावलीही देशात सर्वांत आधी, १९९५ मध्ये, इथेच आली. ती कमानी आणि सज्जे बघते. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो हे सगळ्यांना ठाऊक, पण साध्या चाळीत एका खोलीत कोकणातून आलेले किती जण पथाऱ्या टाकत, जेवणाचे डबे कोण करून देई, हे कुठे लिहिलंय?

म्हणून नव्या इमारतीच्या तळमजल्यावर मूळ मापाची एक खोली बांधून घ्या. मोरी, पोटमाळा, फडताळ, दाराची जुनी कडी, सगळं तसंच. करारातच लिहून घ्या, नंतर बिल्डर ऐकत नाही. ट्रान्झिट कॅम्पच्या तात्पुरत्या घरांत जाताना ट्रंका आणि पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीच्या, पावत्या भंगारात जातात. त्याआधी प्रत्येक बिऱ्हाडाकडून एक वस्तू आणि तासभराची आठवण नावानिशी घ्या.

मामेभाऊ सोसायटीच्या सभेत विषय मांडणार आहे. त्या खोलीचा मेंटेनन्स कोण भरणार, हा पहिला प्रश्न येईल. तो आम्ही बाहेरगावच्यांनी भरावा, आणि मी माझा वाटा कळवून टाकलाय.