डिसेंबरात जागे होणारे धावपटू

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. दरवर्षी! तरी मंडळींना जाग येते डिसेंबरात. मग काय, पहिल्या आठवड्यात ५ किलोमीटर, दुसऱ्यात थेट १५. नडगी आतून ठणकायला लागली की खापर बुटांवर. दमसास लवकर वाढतो हो, हाडं आणि कंडरा (स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर) मागून तयार होतात. पण ऐकतंय कोण?

बरं, बूट तरी कसले? कार्बन प्लेटवाले, म्हणजे तळात कडक पट्टी घातलेले, वीस हजारांचे. घोटा डुगडुगतोय आणि टाचेखाली ४० मिलिमीटरचा फोम! नाहीतर कॉलेजपासूनची जोडी, एका बाजूने झिजलेली. टाचेत घट्ट, पुढे अंगठाभर मोकळे, साधे बूट घ्या ना. ६००-८०० किलोमीटर झाले की बदला. इतकं अवघड आहे?

आणि पाय मुरगळला की तर जत्राच! स्प्रे मार, गरम शेक दे, शेजारच्या काकांकडून चोळून घे. ताज्या सुजेवर चोळाचोळ? आत फाटलेले तंतू आणखी फाडायचेत का? पहिले दोन-तीन दिवस दाबपट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील तर मुकाट एक्स-रे काढा. सूज उतरली की एका पायावर ३० सेकंद उभं राहा, टाचा वर-खाली करा, १५ चे ३ सेट, रोज, आठवडेच्या आठवडे.

पण छे, त्यात फोटो काढण्यासारखं काय आहे? त्यापेक्षा मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ लंगडत चढावा आणि सोमवारी गळ्यात मेडल घालून पहिल्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघावी.