एएनए पॉझिटिव्ह आला, मग निदान का नाही?

ताई, राग समजू शकतो. धाकट्या बहिणीची बोटं दुखतात, एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी) १:८० पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तद्रव ८० पट पातळ करूनही पॉझिटिव्ह आलाय आणि डॉक्टर म्हणतात ‘तीन महिन्यांनी या’. त्यात ‘स्वतःहून टेस्टचं पॅनेल करू नका’ असं मी लिहिलं, म्हणून तुम्हाला ती डॉक्टरांची वकिली वाटली. शिवाय तुमचा प्रश्न असा, की ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते त्या आजाराच्या) २०१९ च्या निकषांत गुण दिलेत, १० भरले की झालं, मग बेरीज करायला कुणाचं काय जातं?

आधी बेरजेचंच बोलू. ते निकष वर्गीकरणाचे आहेत, निदानाचे नव्हेत. वेगवेगळ्या देशांत चाललेल्या संशोधनातले रुग्ण एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून ते केलेत. औषधाच्या चाचणीत ल्युपस नसलेले लोक शिरले तर निष्कर्षच नासतो, म्हणून गाळणी मुद्दाम बारीक ठेवली आहे. सांध्यांना तिथे ६ गुण आहेत, पण नुसतं ‘दुखतंय’ चालत नाही. किमान दोन सांध्यांना सूज हवी, नाहीतर दोन सांधे दाबल्यावर दुखायला हवेत आणि सकाळचा आखडलेपणा अर्धा तास तरी टिकायला हवा. त्यातही लक्षणाचं दुसरं एखादं कारण ल्युपसपेक्षा जास्त पटत असेल, तर गुण द्यायचाच नाही, असं निकषांतच म्हटलंय. म्हणजे आकडे मांडण्याआधीच डॉक्टरला डोकं चालवावं लागतं. उलट ६ गुणांवर अडकलेल्या एखाद्या रुग्णाला ल्युपस समजून उपचार सुरू करणंही योग्य असू शकतं.

आता एएनए. १९९७ साली निरोगी लोकांच्या रक्तावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. समजा हजारात एकाला ल्युपस आहे. सरसकट सगळ्यांची १:८० वर तपासणी केली, तर त्या एकामागे सव्वाशेहून जास्त निरोगी माणसं घाबरून दवाखान्यात येतील. आमवातासाठी करतात त्या आरए फॅक्टर या रक्ततपासणीचंही तसंच: हिपॅटायटिस सी असला किंवा नुसतं वय वाढलं, तरी तो पॉझिटिव्ह येऊ शकतो.

‘पण आजाराच्या आधीच अँटिबॉडी दिसतात ना?’ हा तुमचा मुद्दा खरा आहे. अमेरिकी सैन्यातल्या लोकांचं साठवलेलं रक्त तपासून २००३ मध्ये दाखवलं गेलं, की ल्युपस झालेल्या ८८ टक्के लोकांमध्ये निदानाआधीच, कधी कधी कित्येक वर्षं आधी, कुठली ना कुठली अँटिबॉडी होती. मात्र तो अभ्यास रुग्णांपासून मागे गेला होता. पॉझिटिव्ह माणसांपैकी पुढे किती जण आजारी पडतील, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

तरीही तुमच्या तक्रारीतला एक भाग मला सोळा आणे मान्य आहे. ‘तीन महिन्यांनी या’ एवढंच सांगणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं. मधल्या काळात काय बघायचं, हे सांगायलाच हवं. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही. म्हणून लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन आणि ब्लड प्रेशर बघून घ्या. लघवीला फेस, पायावर सूज, ताप, छातीत श्वासाबरोबर दुखणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. चेहऱ्यावर चट्टा उठला तर लगेच फोटो काढा. भेटीच्या दिवशी तो हमखास गेलेला असतो.

बोटांच्या मुळाशी दाबल्यावर स्पंजासारखं मऊ लागत असेल आणि अँटी-सीसीपी ही आमवाताची अँटिबॉडी तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर गोष्ट वेगळी. तो आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असण्याची शक्यता मोठी, आणि तिथे तीन महिने थांबणं मलाही पटणार नाही. हाडाची झीज एकदा झाली की भरून येत नाही.

एएनए मात्र पुन्हा करू नका. तो दर महिन्याला करून आजार वाढला की उतरला, हे कळत नाही. त्यासाठी अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) आणि सी३-सी४ (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) या तपासण्या आहेत, आणि तेही ल्युपस ठरल्यावर.