सेक्शनल तेव्हाही ६४ होत्या, आजही ६४ आहेत: 'कोलंबसकर' यांना उत्तर

कोलंबसकर, तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि धारदारही. तिच्याखाली दोन ओळी टाकून हात झटकणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हायस्कूल बास्केटबॉलची एकच स्पर्धा असायची. पट शंभराचा असो की तीन हजारांचा, सगळ्या शाळा तीत उतरायच्या. १९९७-९८ च्या मोसमापासून पटसंख्येनुसार चार गट पडले. त्या बदलानं सेक्शनल (आजूबाजूच्या शाळांची पहिली फेरी) आणि रीजनल (सेक्शनलच्या विजेत्यांची पुढची फेरी) यांची रया गेली, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्ही इंडियानातल्याच कोलंबसला राहता, मुलगा तिथल्या शाळेकडून खेळतो, आणि तुमचं म्हणणं असं: "पुण्यात बसून मायलनच्या नावानं गळे काढू नका. तसा चमत्कार एकदाच झाला. त्यानंतर चाळीस वर्षं लहान शाळा नुसत्या मार खात होत्या, गट पडल्यावर त्यांच्या कपाटात चषक आले. काळ्या मुलांच्या शाळांना तर तुमच्या त्या 'सर्वांच्या' स्पर्धेत घेतच नव्हते. प्रेक्षक आटले ते टीव्हीमुळे आणि शाळांच्या विलीनीकरणामुळे. आणि आपल्याकडच्या जिल्हा-विभागाच्या स्पर्धांत जिल्हा परिषदेच्या शाळेला कोण विचारतं?"

पुण्यात बसून लिहितो, हे खरं. पण १९६२ साली कोलंबसच्या कमिन्स कंपनीच्या भागीदारीत इथे किर्लोस्कर कमिन्स उभी राहिल्यापासून कोथरूड आणि कोलंबस यांच्यात इतकी ये-जा आहे की तिकडच्या मॅचचा स्कोअर इकडच्या आजी-आजोबांना सकाळच्या चहाआधी कळतो. तेव्हा हा विषय अगदीच परक्याचा नाही.

आता मायलन, म्हणजे मोठ्या शाळांना हरवून राज्य जिंकणारी ती खेड्यातली शाळा. लेखात मायलनच्या फायनलला मी एकच परिच्छेद दिला होता, आणि तो मुद्दाम लहान ठेवला होता. १९५४, बटलर फील्डहाउस, मायलन ३२, मन्सी सेंट्रल ३०. मायलनचा पट १६१. मन्सी सेंट्रलच्या नावावर तोवर चार राज्य अजिंक्यपदं. चौथ्या क्वार्टरमध्ये मायलन दोन गुणांनी मागे असताना बॉबी प्लम्प चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू नुसता धरून उभा राहिला. शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकायचं बंधन, तेव्हा नव्हतंच, त्यामुळे कुणी हरकतही घेऊ शकत नव्हतं. मग शेवटच्या क्षणी त्याचाच जंप शॉट. एवढं सगळ्यांना पाठ आहे, त्यावरून सिनेमाही निघाला. चमत्कार म्हणाल तर तोही अर्धाच, कारण हाच संघ आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, राज्याच्या शेवटच्या चारांत पोहोचला होता.

मला त्याआधीचे आठवडे महत्त्वाचे वाटतात. १९५४ च्या सेक्शनलमध्ये मायलननं क्रॉस प्लेन्सला ८३-३६ नं धुतलं, मग ऑसगुडला ४४-३२ आणि व्हर्सायला ५७-४३ नं हरवलं. तिन्ही गावं मायलनसारखीच रिप्ली काउंटीतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). या पोरांचे आईबाप एकमेकांच्या दुकानात उधारीवर सामान घेणारे. पुढे रीजनल रशव्हिलला. तिथे रशव्हिलला त्यांच्याच गावात ५८-३४, आणि मग ऑरोरा. ऑरोरानं मायलनला त्याच मोसमात हरवलेलं होतं. परतफेड ४६-३८ नं झाली. त्या संध्याकाळी रशव्हिलच्या जिममध्ये जे कुणी बसले असतील, त्यांच्यासाठी मोसमातला सर्वांत मोठा सामना तोच असणार. इंडियानापोलिसची फायनल तेव्हा कुणाच्या गावीही नव्हती. जत्रेतल्या फडात जसं लांबच्या नामांकित मल्लाकडून चीत झाल्याचं कुणी मनाला लावून घेत नाही, पण शेजारच्या गावच्या गड्यानं पाठ लावली तर पुढच्या जत्रेपर्यंत तोंड लपवावं लागतं, तसा हा प्रकार.

तुम्ही चषक मोजता, मी सेक्शनल मोजतो. आपला खरा वाद इथेच आहे.

ही उतरंड एका दिवसात उभी राहिली नाही. पहिली राज्य स्पर्धा १९११ साली ब्लूमिंग्टनच्या विद्यापीठात झाली. क्रॉफर्ड्सव्हिलच्या शाळेनं लेबनन गावच्या शाळेला २४-१७ नं हरवलं. मग शाळा इतक्या वाढल्या की सगळ्यांना एका ठिकाणी बोलावणं अशक्य झालं. १९१५ पासून सेक्शनल, १९२१ पासून रीजनल, १९३६ पासून सेमी-स्टेट (रीजनलनंतरची फेरी). म्हणजे रीजनल ही कुणाची थोर कल्पना नव्हती, गर्दी आवरायची सोय होती. पण सोय म्हणून केलेल्या गोष्टीला गावांनी आपली करून टाकली. मानांकन नव्हतं, आंधळा ड्रॉ असायचा. पहिल्याच रात्री काउंटीतल्या दोन सर्वांत तगड्या शाळा समोरासमोर येऊ शकायच्या, आणि आल्या तर आल्या.

एक आकडा तुम्ही बघितलेला दिसत नाही. गट पडायच्या आधी ६४ सेक्शनल होत्या. आजही ६४ आहेत, फक्त प्रत्येक गटाच्या वाट्याला सोळा. म्हणजे सेक्शनल जिंकणाऱ्या शाळांची संख्या एकानंही वाढली नाही. पूर्वी राज्याच्या नकाशाचे ६४ तुकडे व्हायचे, आता त्याच नकाशाचे प्रत्येक गटासाठी सोळाच तुकडे होतात, म्हणजे एकेक तुकडा जवळपास चौपट मोठा. लहान शाळेला सेक्शनलसाठी पाचसात मैलांवरचा वैरी मिळत नाही, कारण तो वरच्या गटात असतो. मिळते ती दोन-तीन काउंट्या पलीकडची, आपल्याच आकाराची, जिच्याशी ना सोयरीक ना भांडण अशी शाळा. चषक चार झाले हे खरं आणि ते लहान शाळांना मिळाले हेही खरं. मात्र लहान शाळेला वर्षातून एकदा काउंटीच्या मोठ्या शाळेशी जीव खाऊन, हरलं तर घरी अशा बोलीवर खेळायला मिळायचं, ते गेलं.

"चाळीस वर्षं मार खात होत्या" हे मात्र मला निम्मंच पटतं. अजिंक्यपद म्हणाल तर हो. मायलननंतर जिंकलेली सर्वांत लहान शाळा म्हणजे १९८२ चं प्लिमथ, पुढे एनबीएत खेळलेल्या स्कॉट स्काइल्सचं, आणि ती काही खेड्यातली चिमुकली शाळा नव्हती. पण सेक्शनलची फायनल गाठलेल्या, एखादीच सेक्शनल जिंकून तीस वर्षं ती ढाल काचेत मिरवणाऱ्या शाळांचं काय? तुमच्या हिशेबात त्या सगळ्या 'हरलेल्या'.

काळ्या मुलांच्या शाळांचा, म्हणजे इंडियानापोलिसच्या क्रिस्पस ॲटक्ससारख्या शाळांचा मुद्दा तुम्ही काढलात ते उत्तम केलंत, कारण त्यावर लिहायला मागच्या लेखात जागा उरली नव्हती. इंडियानापोलिसनं १९२७ साली काळ्या विद्यार्थ्यांना वेगळं काढण्यासाठी ही शाळा बांधली. ते दिवस कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या राजकारणाचे. शाळा झाली, आणि मग ही स्पर्धा भरवणाऱ्या शालेय खेळांच्या राज्य संघटनेनं म्हटलं की यात फक्त काळी मुलं आहेत, म्हणून ही सर्वांसाठीची शाळा नाही, सबब सदस्यत्व नाही. वेगळं करायचं आणि वेगळे आहात म्हणून नाकारायचं. हे १९४२ पर्यंत चाललं. कॅथलिक शाळांनाही तोवर दार बंदच होतं. तेव्हा 'सर्वांची स्पर्धा' हे वर्णन १९४२ च्या आधीच्या काळाला लागू होत नाही, यात वादच नाही.

पण पुढे काय झालं तेही बघा. १९५१ च्या रीजनलमध्ये ॲटक्स विरुद्ध अँडरसन, बटलर फील्डहाउसला. ॲटक्स ८१, अँडरसन ८०. शेवटचा बास्केट बेली रॉबर्टसनचा, म्हणजे पुढे एनबीए गाजवणाऱ्या ऑस्कर रॉबर्टसनच्या थोरल्या भावाचा. ॲटक्सचं बास्केटबॉल अख्ख्या शहराच्या तोंडी झालं ते या एका रीजनलनं. प्रशिक्षक रे क्रो यांचा तो संघ त्या वर्षी शेवटच्या चारांत पोहोचला. १९५४ च्या सेमी-स्टेटमध्ये त्यांना मायलननंच हरवलं, ६५-५२, तेव्हा ऑस्कर रॉबर्टसन दहावीत होता. १९५५ मध्ये सेमी-स्टेटला मन्सी सेंट्रलवर ७१-७० आणि फायनलला गॅरी रूझवेल्टवर ९७-७४. इंडियानापोलिसच्या कुठल्याही शाळेनं, गोऱ्या किंवा काळ्या, त्याआधी राज्य अजिंक्यपद जिंकलेलं नव्हतं. राजधानीला पहिला चषक आणून दिला तो राजधानीनं बाजूला टाकलेल्या शाळेनं. आणि शहरानं त्यांचं स्वागत कसं केलं? अग्निशामक गाडीवरून शहराच्या मधोमध असलेल्या मॉन्युमेंट सर्कलला एक फेरी, आणि लगेच गाडी वळवली नॉर्थवेस्टर्न पार्ककडे, काळ्यांच्या वस्तीत. इतर विजेते सर्कलवर जल्लोष करायचे. पुढच्या वर्षी ॲटक्स ३१ पैकी ३१ सामने जिंकून पुन्हा अजिंक्य.

यातून स्पर्धा न्यायी होती असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की स्पर्धेचे प्रदेश भूगोलावर आखलेले होते, म्हणून एकदा दार उघडल्यावर ॲटक्सला टाळता येईना. त्याच शहराच्या गोऱ्या शाळांना त्यांच्याशी सेक्शनल खेळावीच लागली.

प्रेक्षकांबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. ओहोटी आधीच लागलेली होती. १९३८ मध्ये ७८७ शाळा स्पर्धेत होत्या, १९९७ मध्ये ३८२. मधल्या काळात, विशेषतः १९५९ च्या पुनर्रचना कायद्यानंतर, गावोगावच्या शाळा मोठ्या शाळांत विरघळल्या आणि त्यांच्याबरोबर त्यांचे सेक्शनलचे वैरीही. पण त्या ओहोटीतही १९९० च्या फायनलला, शाळकरी स्टार डेमन बेलीच्या बेडफर्ड नॉर्थ लॉरेन्सला बघायला, इंडियानापोलिसच्या हूझियर डोममध्ये ४१,०४६ माणसं आली होती. 'टीव्हीमुळे संपलं' असं सरसकट म्हणता येईल का, हे तुम्हीच सांगा.

शिवाय त्या अवाढव्य जिम बघा. न्यू कॅसलचं १९५९ चं फील्डहाउस नऊ हजारांहून जास्त प्रेक्षकांचं, गावाची वस्ती तेव्हा वीस हजारांच्या आसपास. अँडरसनचं 'विगवॅम' जवळपास नऊ हजारांचं. शाळेच्या रोजच्या मॅचला एवढ्या खुर्च्या कोण भरणार? त्या बांधल्या गेल्या सेक्शनल आणि रीजनल आपल्याकडे याव्यात म्हणून. यजमानपद म्हणजे घरचं मैदान, घरचा आरडाओरडा आणि तिकिटाचा पैसा. विगवॅम २०११ मध्ये बंद झालं. त्याला गट पद्धतच एकटी कारणीभूत आहे असं कुणी म्हणणार नाही, अँडरसनमधले जनरल मोटर्सचे कारखाने गेले हे मोठं कारण. पण रीजनलला भरणारं जिम आणि रीजनलला निम्मं रिकामं राहणारं जिम, यांतलं कुठलं पाडायचं हा निर्णय नगरपित्यांना सोपा जातो.

"दुसरीकडे कुठे चालतं हे?" असा तुमचा एक प्रश्न मध्येच आला आहे. शेजारच्या केंटकीत. तिथे आजही एकच स्पर्धा आहे. ६४ डिस्ट्रिक्ट, प्रत्येकातले पहिले दोन पुढे, मग सोळा रीजन, आणि सोळा रीजनचे विजेते लेक्सिंग्टनच्या रप अरेनात. लुइव्हिल-लेक्सिंग्टनच्या शाळा खूप चषक नेतात हे खरं, पण पूर्वेकडच्या डोंगराळ रीजनमधला विजेता रपला पोहोचतोच, त्याची जागा कुणी हिरावू शकत नाही. १९२८ मध्ये अशाच डोंगरातल्या कार क्रीकनं, ज्यांच्याकडे धड जिमही नव्हतं, ॲशलंडला फायनलमध्ये चार जादा डावांपर्यंत झुंजवलं आणि १३-११ नं सामना गमावला. केंटकीतले लोक विजेत्या ॲशलंडपेक्षा कार क्रीकबद्दलच जास्त बोलतात.

आपल्याकडच्या शालेय स्पर्धांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहायला हवं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही आपली रचना वयोगटांची आहे, पटसंख्येची नाही, आणि ती भूगोलावरच उभी आहे. लातूर विभागाचा संघ राज्याला जातो तो लातूरचा म्हणून. जि. प. च्या शाळेला कोण विचारत नाही हे तुमचं दुखणं मला मान्य आहे, पण त्याचं मूळ मैदान, बोर्ड आणि क्रीडाशिक्षक नसण्यात आहे. गट पाडून रिंगा उगवत नाहीत.

मग मी काय मागतोय? जुनं सगळं जसंच्या तसं परत आणा, असं नाही. सेक्शनल आणि रीजनल सगळ्यांच्या एकत्र, भूगोलानुसार खेळवा. हरणाऱ्या शाळांसाठी हवे तर त्यानंतर गटवार चषक ठेवा. हे होईल असं मला वाटत नाही. १९९६ साली गटांचा ठराव राज्य संघटनेच्या मंडळानं १२-५ नं केला, मुख्याध्यापकांच्या सार्वमतात तो २२०-१५७ नं टिकला, आणि २०१२ मध्ये विषय पुन्हा निघाला, गावोगावी सभा झाल्या तरी काही हललं नाही.

२०२२-२३ पासून त्यांनी रीजनल एका सामन्याची केली आणि चार संघांचा, एका दिवसात दोन सामने खेळण्याचा शनिवार सेमी-स्टेटकडे ढकलला, हे तुम्ही सुधारणा म्हणून सांगितलंत. सहा-सात भरवशाचे खेळाडू असलेल्या शाळेचे पाय दुसऱ्या सामन्यात उचलत नाहीत, तेव्हा रीजनलपुरती ती सुधारणा आहेच. पण दुपारी एक शेजारी हरवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्याला गाठायचं, तो रशव्हिलचा शनिवारही त्यातच गेला. तुमच्या मुलाची शाळा सगळ्यांत वरच्या गटात आहे. यंदा मार्चमध्ये सेक्शनलला गेलात की आजूबाजूच्या लहान गावांतली किती माणसं आलीत ते बघून इथेच लिहा. गर्दी दिसली तर पुढचा लेख तुमच्या बाजूनं लिहीन.