तांबड्या-पांढऱ्यातली अमेरिका

जेवता जेवता 'द मॅन इन द हाय कॅसल' ही मालिका घरच्यांना समजावून सांगायची पाळी ज्याच्यावर आली नाही, त्यानं संयमावर बोलू नये. साल १९६२, महायुद्ध हिटलर आणि जपाननं जिंकलंय, अमेरिकेची वाटणी झालीय, एवढं एका दमात सांगून मी भाकरी मोडतोय तोवर आत्तीचा प्रश्न हजर : "आरं, पण हिटलर मेला न्हवं?"

इथं 'पर्यायी इतिहास' असला शब्द तोंडातून काढायचा नाही. सरळ पानपतावर जायचं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर? हा खेळ आपल्याकडं प्रत्येक कट्ट्यावर चालतो. तिकडंही गोळीच. १५ फेब्रुवारी १९३३ ला मायामीत अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आलेल्या रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. ते वाचले, लागली ती शेजारी असलेल्या शिकागोच्या महापौरांना, सेरमाकना, आणि ते पुढं त्यातच गेले. मालिका ज्यावरून निघाली त्या फिलिप के. डिकच्या १९६२ च्या कादंबरीत मात्र रूझवेल्टच जातात, आणि तिथून सगळं फिरतं. आपली लागलेली गोळी चुकवायची, त्यांची चुकलेली लावायची. मामांना एवढं पटतं.

मग नकाशा. त्याला कागद लागत नाही, ताट पुरतं. उजवीकडं तांबड्या रश्श्याची वाटी : जर्मनांचा पूर्व भाग, न्यूयॉर्कसकट. डावीकडं पांढरा : जपान्यांचा पश्चिम किनारा, सॅन फ्रान्सिस्को त्यातच. मध्ये सुक्क्या मटणाचा ढीग म्हणजे रॉकी पर्वत, कुणाचाच नसलेला पट्टा. वाट्या आधी नीट बघून ठेवायच्या. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली की जपानी न्यूयॉर्कात उतरतात आणि पुढचे दोन भाग वाया. शिवाय मटण आधी संपतं. तटस्थ प्रदेश गेला की नायिका जुलियाना पळून जाणार कुठं?

खरी गोची फिल्मच्या रिळांची. मालिकेत लोक जीव धोक्यात घालून चोरटी रिळं इकडून तिकडं नेतात, आणि त्यात दोस्तराष्ट्रं जिंकलेली दिसतात. "मग खरं कुठलं?" ह्याला उत्तर देऊ नये. कादंबरी वाचलेला भाचा इथंच तोंड घालतो, कारण पुस्तकात रिळं नाहीतच, कादंबरीतच एक बंदी घातलेली कादंबरी आहे. त्याला ताक आणायला पाठवायचं. जपानी अधिकारी टागोमी काड्या टाकून चिनी ग्रंथाला विचारतात, ते मात्र कुणाला समजवावं लागत नाही. देवाला कौल लावणाऱ्यांच्या घरात त्यात नवल काय?

आणि हे सगळं करून माणसं मालिका बघतात ती भलत्याच कारणासाठी. जॉन स्मिथ. अमेरिकन असून नाझींचा बडा अधिकारी, पुस्तकात ह्याचा पत्ता नाही. त्याच्या पोराला आनुवंशिक आजार निघतो, आणि ज्या राजवटीची बाप चाकरी करतो तिच्या कायद्यानं असलं पोर जगू द्यायचं नसतं. बाप ते लपवतो. झालं! इथून पुढं आत्ती नाझींच्या बाजूनं. "अधिकारी असंल वो, पर बाप हाय." तिला जुलियानाचं, रिळांचं, रूझवेल्टचं काही नाही.

एकूण ४० भाग, चार पर्वं, २०१५ ते २०१९. रोज एक म्हटला तर सव्वा महिना जातो. आठवड्यातच वाट्या मांडायचं मी सोडून दिलंय. ताट पुढं येतं, आत्ती पांढरा रस्सा ओरपते, अख्खा पॅसिफिक किनारा रिकामा करते आणि विचारते, "त्या पोराचं कळलं का रं कुणाला?"