ओतलेला रंग आणि सांडलेला रंग

सप्रेम नमस्कार.

‘रंग ओतून कॅनव्हास कलता केला की चित्र झाले, त्यात चित्रकाराचे काय? ताटात सोलकढी सांडली तरी अशीच नक्षी उमटते. आणि त्यासाठी गायतोंड्यांचे नाव कशाला?’ हा आपला आक्षेप मी दोनदा वाचला. त्यातला उत्तरार्ध मला मान्य आहे. अमूर्त चित्रांसाठी ओळखले जाणारे वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने काम करत. केवळ अमूर्ततेच्या धाग्याने मी त्यांना या चर्चेत ओढले, ही माझी चूक.

पूर्वार्ध मात्र मान्य नाही. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या आपल्या कार्यशाळेत एका ओल्या रंगावर दुसरा रंग ओतून पाहिला. अशा वेळी जड रंग वर असेल तर तो खाली बुडतो, हलका फटींतून वर येतो आणि जाळी उमटते. क्रम उलटा केला तर थर जवळजवळ तसाच पडून राहतो. टायटेनियमचा पांढरा बहुधा जड असतो, म्हणून तो आधी ओतायचा की नंतर, हे हात लावण्यापूर्वीच ठरवावे लागते. (हा पांढरा ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून बनवतात, ते आपल्या रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या आणि मिऱ्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आहे, चालताना मला दर वेळी याची गंमत वाटते.) अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांनी १९५२ मध्ये ‘माउंटन्स अँड सी’ रंगवताना टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कापडावर ओतला, पण त्याआधी त्यावर कोळशाने रेषा आखल्या होत्या. रंग कापडात मुरू द्यायचा हा त्यांचा निर्णय होता, अपघात नव्हे.

बाजारात मिळणारे तयार संच आणून सिलिकॉनच्या थेंबांनी पेशींसारखी गोल गोल वर्तुळे उठवलेली चित्रे एकमेकांसारखीच दिसतात, हे आपले म्हणणे खरे आहे, आणि माझी पहिली पाच-सहा त्याच वाणाची होती.

सांडणे कशाला म्हणावे, हे मला गेल्या आषाढात कळले. दमट हवेत रंग रात्रभर ओला राहिला, आणि पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून आमच्या पडवीला दिलेला उतार पाणसळीने तपासायचे माझ्याकडून राहून गेले. सकाळी निम्मा निळा जोत्याखाली होता. तो कॅनव्हास सध्या सरपणावर झाकलेला आहे.